शिकागो बसत नाही

माझ्या लेकीच्या सासऱ्यांचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजायला नको. माणूस वाईट नाही. चांगला आहे, आणि तीच अडचण आहे. वाईट माणसावर जळायला निदान कारण तरी सापडतं. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे सगळा दोष आपल्याच पदरात.

मी गेली सव्वीस वर्षं ओमानमध्ये आहे. राहायला मस्कतजवळ सीबला, नोकरी रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, एका गोदामाच्या यार्डात. माझं काम मालाच्या गाड्यांचं नियोजन. कुठली गाडी आधी सोहारला जाणार, कुठली निझवाला, कुठल्या गिऱ्हाइकाचं गोदाम किती वाजता बंद होतं, ड्रायव्हरने कुठे थांबून पाठ टेकायची, हे सगळं मी ठरवतो. फुशारकी नाही मारत, पण माझ्या कागदावर निघालेली गाडी बंद दारासमोर उभी राहिली असं कधी झालेलं नाही. नवीन ड्रायव्हर कुरकुर करायला लागला की जुने त्याला सांगतात, "यल्ला, निघ. म्हाताऱ्याने लिहिलंय ना, मग पोचशील."

शुक्रवारची ड्युटीही माझीच. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, पण गाड्या काही सुट्टी घेत नाहीत, कुणीतरी यार्डात बसावं लागतं. माझा जोडीदार श्रीवर्धनकडचा. त्याला जुम्म्याच्या नमाजाला जायचं असायचं, मग घरी पाहुणे, बिर्याणी. पहिल्याच वर्षी मी त्याला म्हणालो, "शुक्रवार मला देऊन टाक. मला काय, मंगळवारी सुट्टी घेईन." आमचा अर्बाब, म्हणजे मालक, खूश झाला. सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारून म्हणाला, हा माणूस आहे म्हणून मी शुक्रवारी निवांत जेवतो. ती थाप मला फार दिवस पुरली. बायको कधीकधी म्हणायची की मंगळवारी पोर शाळेत असते. मी म्हणायचो, संध्याकाळी येते ना घरी?

तर ती पोर. एकुलती एक. इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलत मोठी झाली. मराठी बोलताना अजूनही मध्येच थांबते, शब्द शोधते, सापडला नाही की इंग्रजी शब्द ठेवून पुढे जाते. शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथेच एका मराठी मुलाशी लग्न केलं. लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. पासपोर्टातला तो दहा वर्षांचा व्हिसा बायको अजून अधूनमधून काढून बघते.

जावई तिकडेच जन्मलेला. कामात बुडालेला, शांत मुलगा, त्याची तक्रार नाही. तक्रार त्याच्या वडिलांची. चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून गेलेले, आता निवृत्त, ओहायोत कोलंबसला मुला-सुनेसोबत राहतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आमच्या विहीणबाई गेल्या. घरात तीन माणसं उरली. मुलगा दिवसभर ऑफिसात, आणि माझी लेक घरूनच काम करणारी. म्हणजे सकाळचा चहा कोण कोणाबरोबर घेतं, ते सांगायला नको.

या माणसाला बेसबॉलचं वेड आहे. मी क्रिकेटवाला. मस्कतच्या घाला भागातल्या एका गॅरेजमागे खडीच्या मैदानावर चटई ठोकून आम्ही खेळायचो, ते माझं क्रिकेट. मला बेसबॉल म्हणजे टप्पा न देता चालवलेला पोरखेळ वाटायचा. लग्नात व्याह्यांनी मला तासभर तो खेळ समजावला आणि मी तासभर मान डोलावली. एवढंच लक्षात राहिलं की त्या खेळात प्रत्येक मैदानाचा आकार वेगळा असतो. कुठे भिंत जवळ, कुठे लांब, एका जुन्या मैदानात तर भिंतीवर वेल चढलेली. म्हणून तिकडचे शौकीन गाडी काढून एकामागून एक मैदानं बघत फिरतात. आपल्याकडे अष्टविनायक करतात तसं. विहीणबाई आणि ते, दोघांनी मिळून अशी एक लांब फेरी ठरवली होती. ती राहून गेली.

लेकीच्या फोनमध्ये तो खेळ हळूहळू शिरला. आधी "बाबांनी आज मॅच लावली होती", मग "बाबांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं", मग "बाबा आणि मी". ती मला पप्पा म्हणते आणि सासऱ्यांना बाबा. रीतच आहे ती, सून सासऱ्याला बाबाच म्हणते. माझी बायकोही माझ्या वडिलांना म्हणायची. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता व्हिडिओ कॉलवर ते दोघं एकाच रंगाच्या टोप्या घालून शेजारी बसलेले दिसले, की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. वाढवली मी, शिकवली मी, सीबच्या उन्हात सायकल शिकवताना सीट धरून धावलो मी, आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा टोपी घालून बसलेत.

"काय मस्त दिसता दोघं," बायको म्हणायची. मनापासून म्हणायची. मी पाणी प्यायला उठायचो.

मेमध्ये एकदा लेकीचा फोन आला तो थेट मलाच. एरवी आईला करते.

"पप्पा, तुमची हेल्प हवी होती. रूट प्लॅन करायचाय."

मी खुर्ची ओढून बसलो. ती सांगायला लागली. पाच मैदानं. घरून निघून सिनसिनाटी, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि शिकागो. सगळं गाडीने. गंमत अशी, की तिथे जाऊन उपयोग नाही, त्या दिवशी त्या गावचा संघ घरी खेळत असायला हवा. आठवडाभर घरी, मग आठवडाभर दुसऱ्यांच्या गावी, असं त्यांचं चालतं. पाच संघांची पाच वेळापत्रकं, त्यात मधलं अंतर, त्यात सासऱ्यांचा गुडघा, दर दोन तासांनी पाय मोकळे करायला लागतात.

"मी आणि बाबांनी तीन दिवस ट्राय केलं. जमतच नाही. एक बसवलं की दुसरं निघतं. मग बाबा म्हणाले, अगं, तुझे पप्पा आयुष्यभर हेच करतायत, त्यांना विचार."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. बंद गोदामाच्या वेळा सांभाळून गाडी नेणं आणि घरी नसलेल्या संघाच्या वेळा सांभाळून माणसं नेणं, एकच विद्या. मी म्हणालो, "पाठव सगळं. खलास, झालं समज."

"फक्त एक गोष्ट, पप्पा. शेवट शिकागोलाच हवा. शुक्रवारी दुपारची मॅच. ते चेंज नाही करायचं हं."

"का, तिथे काय एवढं?"

"ते आहे तसं," ती म्हणाली आणि हसली. "जुनं स्टेडियम आहे. वेलवालं. बाबा अमेरिकेत आल्यावर पहिलं तेच बघितलेलं, एकट्याने."

पुढचे पाच-सहा दिवस मी इतका खुशीत होतो की ड्रायव्हरांनाही नवल वाटलं. यार्डातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी अमेरिकेचा नकाशा उघडून बसायचो. ऑफिसच्याच शीटवर पाचही संघांचे घरचे दिवस हिरवे केले, बाहेरचे लाल. श्रीवर्धनकर येऊन मागे उभा राहायचा. "उंटावरून शेळ्या हाकताय काय?" म्हणायचा. मी म्हणायचो, "उंटही आपलाच, शेळ्याही आपल्याच, तुझं काय जातंय?" तो नुसताच गालात हसायचा. का हसतोय ते मला तेव्हा कळलं नाही.

आणि मनात एक वेडी आशा होती. ती सांगतो. मला वाटत होतं, एवढा सगळा मार्ग आखून घेते आहे, तर शेवटी म्हणेल, "पप्पा, तुम्ही पण या." व्हिसा आहेच. मी बायकोला न सांगता सीबच्या सुकात, म्हणजे बाजारात जाऊन एक टोपीही घेतली. बेसबॉलची नव्हती, साधी निळी होती, पण लांबून चालली असती. कपाटात शर्टांखाली ठेवून दिली.

शीट भरताना एक रकाना येतो, माणसं किती. गाडीत वजन किती आणि माणसं किती हे लिहिल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. मी तिला फोन केला. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गाडीत माणसं किती धरू?"

"दोन, पप्पा. मी आणि बाबा. त्याला लीव्ह नाहीये."

दोन. मी रकान्यात दोन लिहिलं. नंतर आणखी काय बोललो ते आठवत नाही.

त्या संध्याकाळी कपाटातून टोपी काढली आणि तिच्याखालची एक जुनी वही हाताला लागली. ती वही बायको जपून ठेवते हे मला माहीत होतं, पण कितीतरी वर्षांत उघडली नव्हती. लेक दहा वर्षांची असताना तिने सलालाला गाडीने जायचा बेत त्यात लिहिला होता. इथे सगळं उन्हाने करपलेलं असताना तिकडे सलालाला डोंगर हिरवे होतात, म्हणून लोक हजार किलोमीटर गाडी हाणत जातात. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली जाऊन आल्या होत्या. तिने माझ्यासारखेच रकाने आखले होते. निझवा, आदम, हैमा, थुमरैत, सलाला. प्रत्येक गावापुढे अंतर, कुठे जेवायचं, कुठे पेट्रोल. हैमापुढे लिहिलं होतं, 'इथे पप्पा झोपणार, मी आणि आई पहारा देणार.' मराठीत लिहिलं होतं, मला दाखवायचं होतं म्हणून.

आम्ही गेलो नाही. दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणालो. इन्शाल्ला म्हणालो. गावी घर बांधायचं होतं, वडिलांचं आजारपण होतं, यार्डात माणूस नव्हता. तेराव्या-चौदाव्या वर्षी तिने विचारणं सोडलं.

मी ती वही घेऊन पलंगावर बसलो आणि जळलो. दुसरा शब्द नाही. माझ्या पोरीने माझ्यासाठी केलेला बेत हा माणूस उचलून घेऊन चाललाय असं मला वाटलं. हजार किलोमीटर तिच्या शेजारी बसणार तो, दर दोन तासांनी त्याच्यासाठी गाडी थांबणार, आणि वर त्याचा मार्ग मी आखून द्यायचा. बायको गेलेल्या माणसाबद्दल असा विचार करू नये, हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी यार्डात बसून मी प्लॅन पुरा केला. पहिली चार मैदानं माझ्या हातात अलगद येऊन बसली होती. चौथं डेट्रॉइट, गुरुवारी संध्याकाळी. आणि शेवटचं शिकागो, शुक्रवारी दुपारी. मध्ये साडेचारशे किलोमीटर. रुसैलहून हैमा याहून लांब आहे आणि माझे ड्रायव्हर तिथे जाऊन दुपारचं जेवतात. शिवाय शिकागोचं घड्याळ डेट्रॉइटच्या एक तास मागे आहे. म्हणजे सकाळी सातला निघालं तर वाटेत दोनदा पाय मोकळे करूनही दुपारच्या आधी निवांत पोचता येत होतं. देवाने एक तास फुकट दिला होता. मी तो पाहिला, पेन्सिलने त्याच्याभोवती गोल काढला आणि मग तो गोल खोडून टाकला.

लेकीला शीट पाठवली ती गुरुवारी डेट्रॉइटला संपणारी. शुक्रवारचा उभा रकाना सगळा करडा करून टाकला होता, आमच्या शीटवर बंद दिवस करतात तसा. खाली एकच ओळ लिहिली. 'शिकागो बसत नाही.'

मला वाटलं होतं, ती भांडेल. का बसत नाही विचारेल, मग मी काहीतरी अंतराचं, गुडघ्याचं सांगेन. उत्तरंही तयार ठेवली होती. तिचा फोन आला, आवाज उतरलेला.

"नक्की ना, पप्पा?"

"नक्की."

"ओके. बाबा म्हणाले, तुझे पप्पा नाही म्हणतात म्हणजे नाही. ते म्हणाले, चार झाली तरी खूप आहे."

एवढंच. व्याह्यांनी शंकाही घेतली नाही. ज्या मैदानावर ते तरुणपणी एकटे बसले होते, ते त्यांनी माझ्या एका ओळीवर सोडून दिलं. आता मला बरं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना. उलट त्यांच्या मोठेपणाचाच राग आला. या माणसाला हरवण्याचीही सोय नाही, तो हरतोसुद्धा आपल्याहून चांगला. घरी बायको तीन दिवस गप्प होती. मला वाटलं, तिला माझी लबाडी कळली. चोराच्या मनात चांदणं. तिचं वेगळंच चाललं होतं.

ते कळलं त्या आठवड्याच्या शुक्रवारी. दुपारचे चार वाजत आले होते, मी यार्डात, केबिनच्या एसीचा खडखड आवाज, बाहेर दोन गाड्यांचं भरणं चाललेलं. बायकोचा फोन आला. ती मला कामावर असताना फोन करत नाही.

"मला आता राहवत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता सगळंच राहिलंय, तर सांगते. शिकागोला आपण जाणार होतो."

"कोण आपण?"

"तुम्ही आणि मी. गुरुवारी विमानाने जाऊन उतरायचं, आणि शुक्रवारी मॅचला चौघं. व्याह्यांनी चार तिकिटं काढलीत, एका ओळीतली. त्यांचीच कल्पना. म्हणाले, पहिल्यांदा मी तिथे एकटा बसलो होतो, दोन्ही बाजूंना कोणीच ओळखीचं नव्हतं. आता बायको नाही, निदान व्याही तरी शेजारी असू दे."



"मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? यार्डात माणूस नाही. पोरगीच म्हणाली, पप्पांना शेवटपर्यंत सांगू नका, ते नाही म्हणायला कारण शोधतील. तुमच्या त्या श्रीवर्धनकरांना मी विचारून ठेवलं होतं. त्यांनी अर्बाबशी बोलून तुमच्या रजेचं बघितलं. पंधरा दिवस ते बसणार होते तुमच्या जागी. तुमच्या शुक्रवारांसकट."

म्हणून तो गालात हसत होता.

"आता व्याही आज सकाळी ती तिकिटं विकायला टाकणार आहेत. तिकडे सकाळ झाली असेल. मला फार वाईट वाटतंय हो." मग म्हणाली, "खरंच बसत नाही का? तुम्हाला न बसणारं असं आजवर मी काही ऐकलं नाही."

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, तो असा. दुसऱ्याची खुर्ची काढायला गेलो आणि माझीच काढली. "बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. तिकडे आठ वाजत होते. घरी जाऊन शांतपणे बोलायला वेळ नव्हता. मी तिथूनच लेकीला फोन लावला.

तिने उचलला आणि स्पीकरवर टाकला. सकाळच्या चहाच्या कपांचे आवाज येत होते. ती आणि तिचे बाबा.

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. पण व्याही ऐकत असताना ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. त्यांच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं. मग माझी नजर समोरच्या शीटवर गेली, त्या करड्या रकान्यावर, आणि मला इतकं छान कारण सुचलं की मी स्वतःवरच खूश झालो.

"अगं, एक चूक झालीय माझी," मी म्हणालो. "शिकागो बसतं. मी सवयीने शुक्रवार सुट्टीचा धरून बंद करून टाकला. इतकी वर्षं इथे राहिल्यावर काय होणार? आम्हा गल्फवाल्यांना शुक्रवार म्हणजे सुट्टी, हात आपोआप तिकडे जातो. डेट्रॉइटहून सकाळी सातला निघा, वर एक तास फुकट मिळतो तुम्हाला. आरामात पोचता."

पलीकडे व्याही मोठ्याने हसले. असं हसले की मलाही हसू आलं. "अहो व्याही, कमाल केलीत! म्हणजे अमेरिकेत गाडी चालवायची आणि सुट्टी मस्कतची! थांबा, मी ती तिकिटं थांबवतो आधी, लॅपटॉप कुठेय माझा," म्हणत ते उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली. जमलं. मी कपाळाचा घाम पुसला. बाहेर एक गाडी मागे घेत होते, तिचं ते टूं टूं टूं सुरू झालं. मी खिडकी लावून घेतली.

लेक हसली नव्हती. तिने स्पीकर बंद केला. आता आवाज अगदी कानाशी आला.

"पप्पा."

"हां, बोल."

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"यार्डात. का गं?"

ती थोडी थांबली. मला वाटलं, नेहमीसारखा मराठी शब्द शोधते आहे. पण या वेळी तिला सगळे शब्द सापडले.

"आज शुक्रवार आहे, पप्पा. मागे ट्रक रिव्हर्स होतोय. मला ऐकू येतंय. मी लहान असताना दर शुक्रवारी फोनवर हेच ऐकायचे." मग म्हणाली, "तुम्ही कधी घेतली होती शुक्रवारची सुट्टी? मला एक सांगा. एक."

सव्वीस वर्षांतला एक शुक्रवार मी शोधायला लागलो. तिच्या वहीतली पहिली ओळ आठवली. 'शुक्रवार, सकाळी पाच, पप्पा गाडी काढणार.' बाहेर टूं टूं चालूच होतं.

"मला हेवा वाटला," मी म्हणालो. "त्यांचा. म्हणून बंद केला तो दिवस."

"माहितीये," ती म्हणाली. "शीट बघितली तेव्हाच कळलं. तुमची चूक होत नाही." आणि तिने फोन ठेवला.

मी शीट नीट करून पाठवली. शुक्रवारचा रकाना पांढरा केला, सकाळी सात लिहिलं, तो एक तास लिहिला. व्याह्यांनी लगेच हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवली. त्यांना तिने काही सांगितलेलं दिसत नाही, अजूनही. तेवढा मोठेपणा ती कोणाकडून शिकली, हा विचार आला की पुन्हा पोटात दुखतं.

विमानाची तिकिटं आली आहेत. मैदानातल्या चार जागा एका ओळीत आहेत, बायकोने मला फोनवर त्यांचे नंबर दाखवले. मी रोज एकदा ते नंबर उघडून बघतो. कोण कुठे बसणार ते लेक ठरवणार आहे. मी अजून विचारलेलं नाही.